ओट्यामागच्या काचेला भोक पाडायचंय, सल्ला हवा

विळी_अडकित्ता

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर मध्यंतरी नवीन करून घेतलं. डॅडोला टाइल्स न लावता ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत काच बसवली आहे, मागून फिका पिस्ता रंग. फोडणी उडाली तरी एका फडक्यात साफ. आधीच्या घरात हळदीने पिवळ्या पडलेल्या टाइल्सच्या फटी जुन्या टूथब्रशने घासण्यात माझे रविवार गेलेत, त्यामुळे काचेवर मी जाम खूश आहे.

अडचण आता आली आहे. आरओचं मशीन बाल्कनीतून उचलून सिंकच्या वर लावायचं आहे, त्याला दोन स्क्रू लागतात. शिवाय शेगडीच्या बाजूला डाव, झारे, उलथनी टांगायला स्टीलची दांडी हवी, तिला आणखी दोन. म्हणजे काचेला चार भोकं.

आरओवाला म्हणतो, "मारतो की मॅडम, काचेचं बिट आहे माझ्याकडे. फुटली तर मात्र आपली जबाबदारी नाही." सुतार म्हणतो, हातही लावू नका. नवऱ्याचं म्हणणं, चिकटवायचे हुक आण आणि विषय संपव. काच ६ मिमी जाडीची आहे एवढंच मला माहीत आहे. टफन (भट्टीत तापवून मजबूत केलेली) आहे की साधी, ते कॉन्ट्रॅक्टरला विचारायचं तर तो फोन उचलत नाही. कुणी केलंय का हे काम?

घरगडी

काचेला भोक पडतं ताई, नक्की पडतं. माझ्या फिश टँकला पाइपसाठी मी घरीच पाडलंय. डायमंड कोअर बिट घ्यायचं, ड्रिलचा हॅमर मोड बंद, वेग कमीत कमी आणि पाणी सतत. पण हे सगळं साध्या काचेचं झालं. टफन निघाली तर ड्रिल परत पिशवीत ठेवा.

सोनटक्का

घरगडींशी सहमत. आधी काच ओळखा. माझं काम इंटिरिअरचं, त्यामुळे हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच.

टफन काचेच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक, फिकट शिक्का असतो. कंपनीचं नाव आणि बहुतेकदा आयएसआय खूण, आयएस २५५३ या आकड्यासह. तो कोपरा ओट्याच्या कडेला सिलिकॉनखाली किंवा कपाटामागे गेलेला असू शकतो, टॉर्च तिरपा धरून बघा. शिक्का नाही म्हणजे टफन नाही, असं मात्र समजू नका. काही काचवाले गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय मारतच नाहीत.

दुसरं म्हणजे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेत बघा आणि डोकं हळूहळू बाजूला न्या. टफन काच भट्टीत रुळांवरून जाते, त्यामुळे तिला हलकी लाट येते आणि ट्यूबची सरळ रेघ किंचित हिंदकळते. साध्या काचेत रेघ रेघच राहते.

चौकस_चिंतू

पोलराइज्ड गॉगल लावून बघितलं की टफन काचेवर चट्टे दिसतात असं ऐकलंय. गाडीच्या मागच्या काचेवर मी पाहिलेत.

निवृत्त_फोरमन

गाडीच्या काचेवर दिसतात, कारण प्रकाश आरपार येतो. इथे मागे रंग आहे. रंगावर आपटून प्रकाश विखुरतो आणि चट्टे जवळजवळ पुसले जातात. त्यामुळे या बाबतीत गॉगलच्या भरवशावर ड्रिल चालवू नका.

काचेच्या कारखान्यात नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टफन करणं म्हणजे काय, ते कळलं की भोकाचा प्रश्न आपोआप सुटतो. साधी काच मापात कापायची, कडा घासायच्या, भोकं, खाचे, स्विचबोर्डाचे चौकोन जे काय पाडायचं ते पाडून घ्यायचं आणि मग भट्टीत सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवायची. बाहेर आली रे आली की दोन्ही अंगांनी थंड हवेचे झोत. पृष्ठभाग लगेच घट्ट होतो, गाभा अजून गरमच असतो. तो मागाहून निवताना आकसायला बघतो, पण वरचा थर आधीच जखडलेला. म्हणून बाहेरचा थर कायमचा दाबाखाली राहतो आणि आतला गाभा कायमचा ताणाखाली. काचेची ताकद चौपट-पाचपट होते ती यामुळेच.

दाबाखालचा हा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण एक पंचमांश असतो. ताईंच्या ६ मिमी काचेत तो जेमतेम सव्वा मिलिमीटर. बिटाचं टोक त्याच्या आत घुसलं की गाभ्यातला ताण मोकळा होतो आणि तडा सेकंदाला दीड किलोमीटरच्या वेगाने पसरतो. तुमचं बोट बटणावरून उठायच्या आत सगळी काच ओट्यावर. बिट महागाचं आणा, लेझर आणा, पाण्याचा फवारा आणा, फरक शून्य. भोक भट्टीच्या आधी, नंतर नाही.

चौकस_चिंतू

पण काका, टफन काचेला भोक पाडून दाखवणारे व्हिडिओ आहेत की. लाखांनी बघितलेत.

निवृत्त_फोरमन

लोकांनी बघितल्याने काच टफन होत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या हातातली काच कुठली, हेच माहीत नसतं. टफन काचेवर वरवर घासून नक्षी काढता येते, कारण ते काम दाबाच्या थरातच संपतं. आरपार जाणं वेगळं.

पुरणाचं_यंत्र

फ्रान्सच्या दे ला बास्ती यांनी टफन काचेचं पेटंट १८७४ मध्ये घेतलं. त्यांची रीत हवेच्या झोताची नव्हती, तापलेली काच गरम तेलात बुडवायची. आणि त्याच्याही दोनशे वर्षं आधी युरोपातल्या दरबारांत 'प्रिन्स रुपर्टचे थेंब' हा खेळ होता. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकून गोठवायचा. मग डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही आणि शेपटी नुसती मोडली तर पूर्ण थेंबाचा चुरा होतो. आत ताण, बाहेर दाब, हेच तत्त्व. धाग्याचा विषय भरकटवल्याबद्दल माफी, पण राहवलं नाही.

सांगलीकर_गूळ

भरकटवा हो, छान माहिती आहे. मी आता परत ओट्यावर आणतो.

माझ्या बहिणीकडे असंच झालं. काच साधी होती, भोकंही व्यवस्थित पडली, एक टवका उडाला नाही. शेगडीच्या मागे दांडी लागली, सगळे खूश. दिवाळीत तिने सकाळपासून चकल्या तळायला घेतल्या. कढई मोठी, ज्योत पूर्ण, आणि शेगडी भिंतीला खेटून. दुपारी टक् असा आवाज आला. बघते तर उजव्या भोकातून निघालेली तड थेट वरच्या कडेपर्यंत गेलेली. भोक पाडणारा म्हणाला, माझ्या हातून फुटली नाही, तुमच्या चकल्यांनी फुटली. आता बोला!

निवृत्त_फोरमन

तो निम्मं खरं बोलला. साध्या काचेचा एक भाग तापला आणि शेजारचा गार राहिला, तर चाळीसेक अंशांच्या फरकातच ती तडकू शकते. टफन काच दोनशेच्या आसपास फरक झेलते. भोकाच्या काठाला डोळ्यांना न दिसणारे बारीक टवके असतातच, उष्णतेचा ताण पहिला तिथेच जातो. म्हणजे भोक पाडताना फुटली नाही यावर काही ठरत नाही. मुळात शेगडीमागे साधी काच लावायलाच नको होती.

यारा_काठी

मेलबर्नहून. इकडे घरोघरी ओट्यामागे काचच असते आणि गॅसच्या हॉबमागे सहसा ६ मिमी टफन. काम करण्याची पद्धत मात्र उलटी आहे. आधी कपाटं, ओटा, चिमणी, नळ सगळं जागेवर बसतं. मग काचवाला येऊन भिंतीची मापं घेतो, प्लगच्या प्रत्येक जागेचं माप मिलिमीटरमध्ये टिपतो आणि भोकं कारखान्यातच पाडून, टफन करून, रंगवून काच घेऊन येतो. माप चुकलं तर ती काच जाते, दुरुस्ती हा प्रकारच नाही. मैत्रिणीने नंतर एक जादा प्लग हवा म्हणून चौकशी केली, तर अख्खी काच नवीन करा म्हणाले. तिने प्लग ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, टाइल असलेल्या भिंतीवर घेतला. तोसुद्धा परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच घ्यावा लागतो, घरच्या घरी वायरिंगला हात लावणं इथे बेकायदा आहे.

एक आगाऊ सल्ला. नवीन काच करायची वेळ आलीच आणि रंग पांढरा किंवा फिका हवा असेल, तर कमी लोहाची काच मागा. साध्या काचेत लोहामुळे हिरवी झाक असते, पांढरा रंग पुदिन्याकडे झुकतो.

विळी_अडकित्ता

अच्छा! म्हणून आमचा पिस्ता नमुन्यापेक्षा जास्त हिरवा दिसतो होय. मी रंगाऱ्याला बोल लावत होते.

फोरमनकाका, समजा काच साधी निघाली. शेगडीची बाजू सोडून देते. सिंककडे, जिथे आच पोचत नाही, तिथे आरओसाठी दोन भोकं चालतील का?

निवृत्त_फोरमन

चालतील, पण माणूस सवयीचा हवा. आरओवाल्याला एवढंच विचारा, की काचेच्या मागे गिट्टी (स्क्रू पकडून ठेवणारी प्लास्टिकची खुंटी) कुठे बसवणार. "भोकात" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

सांगतो का ते. स्क्रू आवळला की गिट्टी फुगते. ती काचेच्या भोकातच बसली असेल तर फुगताना काचेला आतून फाकवते आणि तड गेलीच. गिट्टी पूर्णपणे मागच्या भिंतीत जायला हवी. काचेचं भोक स्क्रूपेक्षा चांगलं सैल ठेवायचं. ५ मिमीचा स्क्रू असेल तर ८ ते १० मिमीचं भोक, आत नायलॉनची किंवा पीव्हीसीची बारीक नळी आणि डोक्याखाली रबरी वॉशर. लोखंड काचेला कुठेच टेकता कामा नये.

आता खरी गोम. भिंतीवरची काच सगळीकडून चिकटलेली नसते. सिलिकॉनचे ठिपके टाकून बसवतात, ठिपक्यांच्या मधे मागे दोन-तीन मिलिमीटर पोकळी राहते. तिथे स्क्रू जोरात आवळला की काच आत वाकते. पोपटासारखी बोलणारी काच आहे ती, बोटाने टकटक करून बघा. ठिपक्यावर आवाज भरीव येतो, पोकळीवर पोकळ. भोक शक्यतो भरीव जागी घ्या. नाहीतर नळीची लांबी अशी ठेवा, की ती भिंतीला टेकेल आणि आवळण्याचा जोर तिच्यावर जाईल, काचेवर नाही.

कडेपासूनचं अंतरही महत्त्वाचं. टफन करायच्या काचेसाठी युरोपियन मानकात नियम आहे तोच मी साध्या काचेलाही किमान धरतो: भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नको, भोकाचा काठ काचेच्या कडेपासून जाडीच्या दुप्पट आत आणि कोपऱ्यापासून सहापट. म्हणजे ६ मिमीला कडेपासून १२ मिमी, कोपऱ्यापासून ३६. भिंतीवर बसलेल्या काचेला मी याच्या तिप्पट-चौपट सोडतो.

घरगडी

पद्धत मी लिहितो. कोअर बिट पोकळ असतं, मधे टोक नाही, त्यामुळे सुरुवातीला काचेवर घसरत सुटतं. त्यासाठी प्लायच्या तुकड्याला बिटाच्या मापाचं भोक पाडायचं आणि तो तुकडा डबल टेपने काचेवर चिकटवायचा. बिट त्यातच फिरतं. आडव्या काचेवर कणकेची गोल पाळ करून त्यात पाणी भरतात, भिंतीवर ते जमत नाही. म्हणून दुसऱ्या माणसाने कपड्यांवर पाणी मारायच्या स्प्रेने सतत फवारायचं, खाली जुना टॉवेल. जोर लावायचा नाही, मशीनच्या वजनाला काम करू द्यायचं. पाणी पांढरं, दुधट येतं, तो काचेचा चुरा. शेवटच्या मिलिमीटरला आवाज बदलतो, तिथे हात आणखी हलका. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आणि ड्रिल बॅटरीवरचं घ्या. वायरवाल्या मशीनवर पाणी फवारणं म्हणजे काच वाचवून माणूस घालवणं.

सोनटक्का

यात माझा आक्षेप नोंदवतो. पद्धत बरोबर आहे, पण भिंतीवरच्या काचेला मागून आधार नाही, त्यामुळे बाहेर पडताना मागचा रंग भोकाभोवती उडतो. फिक्या रंगात तो काळपट गोल समोरून दिसतो. आरओच्या मशीनमागे लपेल म्हणा. तरी मशीन उद्या बदललं आणि नव्याची भोकं वेगळ्या अंतरावर निघाली, की आधीची दोन उघडी.

घरगडी

मान्य. पण मग काय, भाड्याच्या घरासारखं भिंतीला न शिवता राहायचं का? साध्या काचेला भोक पाडणं हे सुतारकामाइतकंच रोजचं काम आहे. शोकेसच्या काचांना बाजारात दिवसभर पाडतातच की.

सोनटक्का

बाजारात टेबलावर आडवी काच, खाली नमदा, फुटली तर दुसरी. इथे फुटली तर ताईंचं स्वयंपाकघर बंद. एवढाच फरक.

सांगलीकर_गूळ

आणि टफन चुकून फुटलीच तर आवरणं काय असतं ते मी ऑफिसच्या पँट्रीत पाहिलंय. तुकडे बोथट असतात, हात फारसा कापत नाही, हे खरं. पण साखरेच्या दाण्याएवढे बारीक कण ओट्याच्या फटीत, शेगडीच्या बर्नरमध्ये, उघड्या डब्यात, सगळीकडे. झाकण नसलेलं एकूण एक खाणं फेकावं लागतं. रवा चाळून चालत नाही, काच रव्यासारखीच चाळली जाते.

म्हापशाची_मावशी

एवढा वेळ वाचत होते. अगं, दांडीला काचच कशाला हवी? वरच्या कपाटाचा तळ आहे ना, त्याला खालून दोन ब्रॅकेट लाव आणि दांडी त्याला लटकव. माझ्याकडे तशीच आहे, डवली-झारे सगळे तिथेच. प्लायला स्क्रू पक्का बसतो. फक्त शेगडीच्या बरोब्बर वर घेऊ नको, बाजूला घे, नाहीतर वाफेने आणि तेलाने चिकट होते आणि झारा काढताना बाही ज्योतीवर जाते.

चिकटवायच्या हुकांचं म्हणशील, तर गोव्याच्या पावसाळ्यात त्यांचं काही खरं नाही. सांडशी टांगली की रात्री धाडकन खाली.

निवृत्त_फोरमन

मावशींचा उपाय सगळ्यात शहाणा. चिकटवण्याबद्दल आणखी एक. हुक काचेला चिकटतो, काच रंगाला आणि रंग सिलिकॉनला. म्हणजे वजन शेवटी रंगाच्या थरावर येतं. दोन चमचे टांगा, आरओ नाही. टाकी ८ लिटरची धरली तर नुसतं पाणीच ८ किलो झालं, मशीन वेगळं.

विळी_अडकित्ता

ताजी खबर. सोनटक्का म्हणाले तशी टॉर्च तिरपी धरून शोधाशोध केली. शेगडीमागच्या तुकड्याला उजव्या खालच्या कोपऱ्यात, सिलिकॉनच्या रेघेला अगदी चिकटून, नखाएवढा शिक्का सापडला. आयएस २५५३ स्पष्ट वाचता येतं. म्हणजे तो टफन.

सिंककडचा तुकडा वेगळा आहे, मधे सांधा आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याला शिक्का नाही आणि ट्यूबची रेघ एकदम सरळ. शेवटी ज्या दुकानातून काच आली तिथे बिल घेऊन गेले. बिलावर दोन ओळी: एक "टफन" आणि दुसरी "लॅकर्ड ६ मिमी". दुकानदार म्हणाले, पैसे वाचवायला तुमच्या माणसाने शेगडीपुरतीच टफन घेतली. दुसरी कंपनीतूनच रंगवून येते, ती भट्टीत घातली तर रंग जळेल, म्हणून ती साधीच असते.

सोनटक्का

वाईट माणूस नव्हता म्हणायचा, पैसे वाचवले ते योग्य जागी. मी शेकड्याने कामं पाहतो, कित्येक ठिकाणी शेगडीमागेही साधीच निघते.

विळी_अडकित्ता

हो, म्हणून आता त्याला मनातल्या मनात थोडं माफ केलंय. फोन उचलत नाही त्याचं वेगळं.

तर दांडी मावशींच्या सांगण्याप्रमाणे कपाटाखाली, शेगडीच्या डावीकडे. आरओबद्दल मात्र मन बदललं. सिंकखाली बसणारं मशीन घ्यायचं आणि नळ तेवढा ओट्यावर. काचेला भोकच नको. पण ओटा ग्रॅनाइटचा आहे, म्हणजे पुन्हा भोक आलंच! ते तरी निर्धोक आहे ना?

घरगडी

ग्रॅनाइटला बिनधास्त. त्याच डायमंड बिटाने, पाणी टाकून. आरओच्या नळाला साधारण १२ मिमी लागतं, पण नळाच्या खोक्यावरचं माप बघूनच बिट घ्या.

निवृत्त_फोरमन

बिनधास्त नको, जागा बघून. सिंकच्या मागे आणि काचेच्या पुढे ग्रॅनाइटची पट्टी अरुंद असते, ओट्याचा सगळ्यात कमकुवत भाग तोच. मुख्य नळाचं भोकही तिथेच असणार. दोन भोकं जवळजवळ घेतली तर पट्टी तडकते. सिंकच्या कोपऱ्याच्या बाजूला, जिथे दगड रुंद आहे तिथे घ्या. आणि पाडायच्या आधी खाली वाकून बघा, नाहीतर बिट सिंकच्या कडेवर किंवा खालच्या कपाटाच्या पाटीवर उतरायचं.

सिंकखाली प्लगची सोय आहे का? आरओला वीज लागते. प्लग पाइपच्या सांध्यांपासून लांब आणि उंचावर घ्या, जमिनीजवळ नको.

विळी_अडकित्ता

प्लग नाही. बाजूच्या कपाटात मिक्सरचा आहे, तिथून आतल्या आत घेता येईल असं इलेक्ट्रिशियन म्हणतोय. त्याला शनिवारी बोलावलंय. आरओवाल्याला नाही म्हणून कळवलं, तर म्हणाला, "मग ओट्याला मी मारू का भोक?"

म्हापशाची_मावशी

त्याला आधी विचार, बॅटरीचं ड्रिल आहे का.